पदनामाचा रकाना

शनिवारी सकाळी, फ्लॅटबुशच्या चर्चखालचं तळघर.
लोखंडी खुर्च्या, खोकणारा हीटर,
आम्ही अकरा जणी आणि एक रबरी बाळ.
शिकवणारी सव्वीसची. तिने फळ्यावर लिहिलं: नर्स.
मग त्यावर काट मारली.
"परवाना नाही, तर हा शब्द नाही.
कार्डावर नाही, फोनवर नाही.
घरच्यांनी म्हटलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं."

मागे ग्रॅनव्हिलबाई चुकचुकल्या.
मी काहीच बोलले नाही.
माझ्या पर्समध्ये दोनशे कार्डं होती,
कडेला निळी वेल, मधोमध
व्हर्लीन ऑलिव्हिएर, बेबी नर्स.
छपाईचे पैसे अजून फिटायचे होते.

सत्तावीस वर्षं हा शब्द माझ्या पुढे चालला.
दारवानाने तोच वहीत लिहिला
म्हणून सामानाच्या लिफ्टने जावं लागलं नाही.
बेक्वे बेटावर आई शेजारणींना सांगायची,
लेक न्यूयॉर्कात नर्स आहे,
आणि मी तिला कधी अडवलं नाही.
ती गेली. आता कोणाला दुरुस्त करू?

मग मानकं आली. बारा पानं, छापील.
पाठीवर निजवा. गादी सपाट.
उशी नको, रजई नको,
ससा नको, कितीही गोड असला तरी.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
रबरी बाळाची मान काही केल्या पडत नव्हती.
मान न पडणारं बाळ म्हणजे फळीच,
त्यावर हात काय शिकणार?

आणि मला ब्याण्णवची बाळं आठवली,
मी पोटावर निजवलेली.
तेव्हा तेच बरोबर होतं.
तेव्हाही कुणी फळ्यावर लिहिलंच असेल.
लेव्हिनांचा मुलगा,
नव्वदाव्या रस्त्यावरच्या जुळ्या,
आणि तो, सतत उचकी लागणारा,
नाव विसरले.
सगळी जगली.
ते माझं कसब नव्हतं.

हे मी एजन्सीत कधी सांगितलं नाही.
त्या दिवशीही नाही.
फक्त 'पाठीवर'खाली पेनाने रेघ ओढली,
इतकी दाबून की ती चौथ्या पानावरही उमटली.

त्याच रात्री काम. नवं घर, चार दिवसांची मुलगी.
तीन वाजता लंगोट बदलताना
दिवा जवळ ओढला,
कपाळ बोटाने दाबलं, सोडलं.
बोट उठलं तिथे हळद.
छातीवर हळद.
पोटावरही.
दूध दोनदा अर्धं राहिलेलं, तळव्याला गुदगुल्या केल्या
तरी डोळा उघडेना.
आई दारात, केस सुटलेले.
"नर्स, बरी आहे ना ती?"

पूर्वी मी म्हणायची, सकाळी खिडकीशी ऊन दाखवू.
तेही नशिबानेच भागत आलं.

"मी नर्स नाही," मी म्हटलं.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि आवाज कापला नाही, याचंच नवल वाटलं.
"म्हणून आत्ता डॉक्टरांना उठवायचं.
सांगा, पोटापर्यंत पिवळी, दूध अर्धं, झोप जड.
वेळा माझ्या वहीत आहेत. वाचून दाखवा."

इस्पितळात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं,
डोळ्यांवर इवलीशी पट्टी.
खऱ्या नर्सने, बिल्लेवालीने, फॉर्म पुढे ओढला.
"पिवळेपण कोणाच्या लक्षात आलं?"
आईने माझ्याकडे बोट केलं, तोंड उघडलं,
आणि तिला शब्दच सापडेना.
नर्सने क्षणभर माझ्या हातांकडे पाहिलं,
रकाना कोरा सोडला,
पुढच्या ओळीत वेळ लिहिली: तीन दहा.

कार्डं मी फेकलेली नाहीत.
मागच्या बाजूने कोरी आहेत,
दुधाच्या वेळा लिहायला बरी पडतात.