दीडशे लिटर

व्हर्ना डोलेझालने त्रेपन्न वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता,
म्हणजे ओला.
कोरडा ती रोजच पाहते :
पाळण्यातून किलोमीटरभर खाली,
एस्टरहेझीच्या गव्हाखाली,
जिथे कधीकाळी आटलेल्या दर्याचा गुलाबी पोटॅश
यंत्राने खरवडायचा,
आणि घरी येताना ओठांवरून जीभ फिरवायची.

काचेची टाकी कुणाच्या तरी गॅरेजमधली, चाळीस डॉलरची.
एका कोपऱ्याला अजून सरड्याचा वास.
ग्लेन म्हणाला, मीठ कशाला विकत घेतेस,
इथं डोंगर पडलाय.
रोडेलने रेजायनाच्या दुकानात आधीच बजावलं होतं,
बादली पुढे सरकवत :
ते मीठ गव्हाला. माशांना हे.

रोडेल बोहोलचा.
लहानपणी प्रवाळावर अनवाणी धावल्याचे वण
त्याच्या तळव्यांवर आहेत,
आणि आता तो बर्फाच्या बुटांत उभा राहून
गिऱ्हाइकाला सांगतो,
मासा आज नाही. पुढच्या महिन्यातही बहुधा नाही.
असा कसा धंदा चालतो, देव जाणे.

मग बादल्या. नळाचं पाणी चालत नाही,
ते रात्रभर थेंबाथेंबाने गाळायचं,
कोमट करायचं, मीठ घुसळायचं,
आणि खिडकीशी जाऊन भिंगाच्या नळीतून
निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचायची :
एक पूर्णांक शून्य दोन पाच.
पहिल्यांदा शून्य तीन आठ निघालं.
हाताला खाणीची सवय, दुसरं काय.

वाळू पसरली. दगड रचले, ढासळले, पुन्हा रचले.
दुधात मिठाचा खडा म्हणतात, इथे उलटं,
मिठाच्या पाण्यात दूध सांडल्यागत तीन दिवस सगळं पांढरं.
मग नितळ.
आणि मग
काहीच नाही.

दिवा लागतो, पंप गुरगुरतो.
रिकाम्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसलेली बाई
शेजारची पोरं बघून जातात.
'मासा कुठाय?'
'शिजतंय अजून.'

दगडाच्या छिद्रांत न दिसणारे कोणी
बिऱ्हाड थाटत होते म्हणे.
नळीत थेंब टाकायचे, रंग बघायचा :
अमोनिया हिरवा, पोपटी, एकदाचा पिवळा,
नायट्राइट मात्र जांभळा, जांभळा, जांभळाच.
फ्रीजवरच्या कॅलेंडरात ती ते रंग भरायची
मुलीच्या जुन्या खडूंनी.

पाचव्या आठवड्यात सगळ्यावर उदी साय.
तिने घाबरून फोटो पाठवला : मेलं का?
रोडेलचं उत्तर : नाही, सुरू झालं.
मग पाच गोगलगायी आल्या.
आणि एका रात्री बॅटरीच्या उजेडात
दगडातून केसाळ किडा डोकावला,
ज्याचे पैसे तिने कुणाला दिले नव्हते.

जानेवारीत वीज गेली. बाहेर उणे अडतीस, वादळ.
तिने टाकीला अंगावरची गोधडी गुंडाळली,
दुसरी गुंडाळली,
आणि कॉफीचा मग घेऊन स्टुलावर चढली.
मगभर पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं,
हवा मिसळायला.
उचलायचं, ओतायचं.
पाच गोगलगायी आणि एक किडा,
त्यांच्यासाठी चार तास.
पहाटे दिवे आले तेव्हा
तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हात खाली येईना.

मार्चमध्ये नखाएवढं मऊ प्रवाळ आणलं.
दोन दिवस मुठीसारखं मिटलेलं.
तिसऱ्या दिवशी कामावर निघताना
पाणी बदलायला तिने नळी तोंडाने ओढली,
भसकन घोट आत गेला, ती खोकत वाकली,
आणि काचेला नाक टेकलं तर समोर
आठ बोटं उघडलेली, हिरवी,
कुठल्याशा प्रवाहात हलत.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाळणा चुकला.
वरच्या फलाटावर दुसऱ्याची वाट बघताना
तिने ओठांवरून जीभ फिरवली.
खारट.
अजून तर ती खाली गेलीच नव्हती.