आठवेशीची खानेसुमारी

तीन वर्षांचे शनिवार खर्चून
राक्षस मेला एकदाचा.
मैनोद्दीनच्या तलवारीचा शेवटचा घाव,
वीस बाजूंचा फासा एकोणीसवर थांबला,
आणि औशाच्या स्टँडसमोर, अर्ध्या शटरच्या झेरॉक्स दुकानात
आम्ही चौघांनी भेळ खाल्ली.
मी वहीत लिहिलं, समाप्त.
खेळ मी चालवतो, शेवट करायचा हक्क माझा.

दैवशाला म्हणाली, थांब की.
शहर सोडवलं म्हणतोस. कुणासाठी?

नकाशा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पाठीवर.
आठ वेशी, त्यातल्या सहा पडलेल्या,
पेठेत राख, हमामखान्यात वटवाघळं,
आणि उजेडाला धरलं की
राजवाड्याच्या जागी पलीकडच्या साहेबांचे दात.

तिची जादूगारीण आग पाडते, वादळं बोलावते.
त्या रात्री तिनं मंत्रांचा कागद पालथा घातला
आणि विचारलं, पाणी कुठंय?
नियमांच्या पुस्तकात अजगराचं वजन आहे,
विहिरीची खोली नाही.
आम्हीच ठरवलं, पंधराच्या वर पाणी.
चार. खडक.
अकरा. ओल लागली, पण मचूळ.
तीन.
पायाळू माणूस बघा, मैनोद्दीन म्हणाला. आम्ही हसलो,
आणि मग मला खरंच एक पैदा करावा लागला:
हरबा, एका डोळ्यानं अधू,
मागणी दोन चांदीची नाणी आणि नारळ.
सतरा.

मग रस्ते. मी पट्टी लावून सरळ ओढले,
घरांना नंबर घातले, अ-एक, अ-दोन.
मन्मथ इतका वेळ शेंगा फोडत होता.
तो जन्मला भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
वाढला ओळीत मांडलेल्या नव्या गावात.
उठला, ओल्या फडक्यानं माझे रस्ते पुसले.
म्हणाला, आमचे आजोबा मरेपर्यंत
दुसऱ्याच्याच दारात चप्पल काढायचे.
सरळ गावात माणूस चुकतो.

बोळ काढला त्यानं. वाकडा,
एका चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यात जाईल इतका अरुंद.
कुंभाराच्या पाठीला कोण, न्हाव्यासमोर कोण,
पार कुठं, पारावर कुणी बसायचं नाही,
सगळं न अडखळता.
ते जुनं गाव त्यानं पाहिलेलंच नाही.
जेवताना ऐकलंय फक्त.

माणसं आली. वीर कुणी नाही.
दोघी बहिणी, एक माग घेऊन.
कल्हईवाला.
अकरा शेळ्या, मागं एक मुकं पोरगं.
मिठाचा व्यापारी, दोन दिवस राहून बघतो म्हणाला,
अजून बघतोच आहे.
आणि वेशीबाहेर एक जण, राक्षसाच्या फौजेतला,
उजवा हात नसलेला.
हात मैनोद्दीननंच तोडला होता, दुसऱ्या वर्षी;
कुणी काढलं नाही ते, पण सगळ्यांना आठवत होतं.
मत घेऊ म्हटलं.
तो बराच वेळ फासा तळहातात घोळवत बसला.
माझ्या शेजारची जागा द्या, म्हणाला,
नजर ठेवता येईल.

पुढच्या शनिवारी त्याच्याकडं डाळ पाठवली त्यानं.
कशी झाली यासाठीही फासा टाकला.
दोन. खारट.

मध्येच शटर वाजलं.
एकाला रेशनकार्डाची प्रत पाहिजे होती, दोन्ही बाजू.
दिली. सहा नावं, एकावर काट.

वहीत आता त्रेचाळीस माणसं.
काल रात्री मागवाल्यांतल्या धाकटीला कळा लागल्या.
दैवशाला दवाखान्यात रोज बाळंतपणं करते,
तरी फासा टाकताना तिचा हात चुकला.
टप्पा खाऊन तो मशिनखाली गेला.
आम्ही चौघंही फरशीवर पालथे, मोबाइलचा उजेड लावून.
वायरीला टेकून उभा होता तिरपा,
ना हा आकडा, ना तो.
असा पडला की पुन्हा टाकायचा, मी म्हटलं, नियम आहे.

नको, ती म्हणाली. आडवं आलंय. वळवता येतं.
बांगड्या कोपराकडं सारल्या
आणि हात आत घातला.