पेन्सिलीचा ठिपका

ऐरोलीच्या आमच्या वाचनालयात
मार्चअखेर नवी यंत्रणा आली.
आता पुस्तकाच्या पाठीत चिप असते
आणि तारखांच्या शिक्क्यांची ती पिवळी चिठ्ठी
पोरांनी ब्लेडने खरवडून काढली.

माझी तक्रार नाही.
परवा एक आजोबा म्हणाले,
निळं पुस्तक, त्यात एक होडी असते,
शेवटी कुणीच परत येत नाही.
यंत्राने दोन सेकंदांत नाव सांगितलं.
पेडणेकर सर असते तर आधी चहा मागवला असता,
मग डोळे मिटले असते,
मग तेच नाव सांगितलं असतं.

सर दिवाळीत निवृत्त झाले.
त्यांचे कार्डांचे ड्रॉवर
दोन मुलांनी पाच दिवसांत संगणकात ओतले:
नाव, पत्ता, मोबाइल, पुस्तक, तारीख.
रबाळ्याच्या बाजूला त्या बिनखिडक्यांच्या इमारती आहेत ना,
त्यातल्याच एखादीत, थंड हवेत
आता आमचे वाचक राहतात.
काही कार्डांच्या कोपऱ्यात
पेन्सिलीचा बारीक ठिपका होता.
ठिपक्यासाठी रकाना नव्हता.

पहिल्याच रात्री, आम्ही घरी झोपलेलो असताना,
यंत्राने सगळ्या थकबाकीदारांना संदेश धाडले.

सोमवारी दिवा गावातून एक बाई आल्या.
पिशवीत पुस्तक,
पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर,
त्यावरची बातमी याच वर्षीची.
फोन पुढे केला. वाच, म्हणाल्या.
‘प्रिय दर्शना मढवी, आपल्याकडे एक पुस्तक
अकरा वर्षांपासून बाकी आहे.
दंड रुपये चार हजार अठरा.’

‘दर्शना माझी पोर.
नंबर तिचा. रिचार्ज मी मारते.’

पुढे काही बोलल्या नाहीत.
पंखा फिरत होता.
मला ठिपका कळला.

मी दंड पुसायला घेतला, तर
‘खालचा पन वाच.’
‘आपल्या वाचनावरून आम्हाला वाटतं,
ही तीन पुस्तकंही आपल्याला आवडतील.’

मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली,
जणू मीच काही बोलून बसले होते.
त्यांनी मात्र खुर्ची ओढली.
‘याला कसं समजलं, तिला काय आवडंल?’
बावीस पुस्तकं नेली होती तिने, मी म्हणाले,
त्यावरून तो अंदाज बांधतो.
‘बावीस?’
बोटांवर काहीतरी मोजलं त्यांनी.
‘मना ठाव नवता.’
मग पिशवी मोकळी करत म्हणाल्या,
‘अंदाज बराबर हाय का, बघाया पायजे. दे तिन्ही.
नात चौथीत हाय, ती वाचंल.’

दर्शनाच्याच नावावर दिली.
दारातला दिवा हिरवा झाला,
त्याला काय.

संध्याकाळी रद्दीच्या खोलीत जाऊन
जुनी कार्डं काढली.
ठिपके त्रेचाळीस.
सरांना फोन लावला, बाकीचे कोण, काय झालं त्यांचं?
सर म्हणाले, ‘विचारायचं नसतं गं.
म्हणून तर ठिपका.’

मग शेऱ्याच्या रकान्यात एक ठिपका दिला.
यंत्र म्हणालं, किमान तीन अक्षरं आवश्यक.
तीन दिले.
घेतले त्याने.
त्रेचाळीस वेळा.

संदेश रात्री दोनला सुटतात.
आज कुणाला जातात, सकाळी बघेन.