काचेची आतली बाजू

विजापूर रस्त्याला, भीमेच्या अलीकडं,
नाक्यावरच्या वजनकाट्याला लागून माझी केबिन.
सहा बाय आठ, वर पत्रा,
सरकती काच, आणि काचेला हाताएवढी फट
पावती बाहेर जायला.

बाहेर जायला ठेवलेली फट
आत येणाऱ्याला काय अडवणार?

ट्रक काट्यावर चढतो, थांबतो,
इंजिन बंद करत नाही. कोण करेल?
मागं ओळ लागलेली, सिमेंट, ऊस, डाळिंबं,
शहाबादी फरशी, एक म्हशींचा टेम्पो.
आकडा स्थिर व्हायला चाळीस सेकंद.
चाळीस सेकंद सायलेन्सर माझ्या खिडकीशी बोलतो.
दिवसाला तीनशे गाड्या.
गुणाकार मला येतो,
मी करत नाही.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला
तेव्हा ठेकेदारानं कूलर दिला. माणूस वाईट नाही.
कूलरचं तोंड रस्त्याकडं, कारण मागं भिंत.
ओल्या वाळ्यातून सगळं गार होऊन येतं,
डिझेल, टायरचा करपट वास,
कुणाच्या तरी ब्रेकची भुकटी.
बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.
इतकं बरं की डोळा लागतो.

रात्रपाळीचा कलप्पा म्हणायचा,
"काच लाव बे, धूर येतोय."
मी लावायचो.
मग आत आम्ही दोघं,
आणि आधीच आलेला तो तिसरा.

काच पुसायला घरनं टॉवेल आणला,
पांढरा, सेकंडचा,
दानम्मा कारखान्यात कडा शिवते त्यातला.
बाहेरच्या बाजूला धूळ होती, झटकली, गेली.
आतल्या बाजूला काळं, चिकट,
काजळच, पण बाळाला लावू नये असलं.
दानम्मानं तीनदा धुतला.
चौथ्यांदा नाकाशी नेला
आणि काही न बोलता
गाडी पुसायच्या चिंध्यांत टाकला.

तिच्या नाकात सुताचा फुफाटा, माझ्या नाकात हे.
रात्री एका पंख्याखाली आळीपाळीनं खोकतो.
पोरगी झोपेतच सांगते,
हा पप्पांचा. हा आईचा.

सिव्हिलला डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
बिडी? नाही.
तंबाखू? शेंगाचटणी सोडून व्यसन नाही, बाई.
घरात चूल? गॅस आहे.
मग हातात नळी दिली, फुंका म्हणाल्या,
जोरात, अजून, अजून, सोडू नका,
आणि यंत्रावर आकडा थरथरला, थांबला.
मी सवयीनं बघत बसलो
पावती कधी निघते.

निघाली.
माझं वय एकोणचाळीस,
फुफ्फुसाचं बासष्ट.

"कामाला कुठं असता? रस्त्यावर?"
"छे, केबिनमध्ये," मी जरा ताठ बसून म्हणालो,
"आत असतो मी."
त्यांचं पेन कागदावर थोडा वेळ तसंच राहिलं.

परवा कलप्पानं मेव्हण्याकडनं ड्रिल आणलं.
मागच्या भिंतीला दोघांनी भोक पाडलं,
वेडंवाकडं, कूलरपेक्षा चार बोटं मोठं,
उरलेल्या जागेत पोतं कोंबलं.
ठेकेदाराला सांगितलं नाही, दिसेल तेव्हा दिसेल.
मागं कापलेल्या ज्वारीचं रान आहे,
कडब्याची गंज, एक कडुलिंब.
त्या रात्री केबिनमध्ये
कडब्याचा वास आला.
कलप्पा म्हणाला, गावाकडं आल्यासारखं वाटतंय,
आणि खोकला.

फट मात्र आहे तिथंच आहे.
आत्ता पलीकडची एक गाडी चढलीय,
ड्रायव्हर दोन बोटं आत घालून
"बेगा, अण्णा, बेगा" करतोय,
बोटांच्या मागून निळसर काहीतरी येतंय.
आकडा अजून हलतोय.
चाळीस सेकंद.

मी श्वास धरतो.
बावीसपर्यंत जमतं.