ओट्यावरचा हिशेब

रात्री साडेनऊला सराफ्यातली शटरं पडतात
आणि बंद पेढ्यांच्या ओट्यांवर कढया चढतात.
मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर
एका साखळीची राखण करते.

साखळी म्हणजे वही, असं सांगितलंय बाबांना.
हजार घरी एकाच वेळी लिहिली जाते,
खोडता कुणालाच येत नाही.
बाबा चाळीस वर्षं चांदीच्या पेढीवर मुनीम.
म्हणाले, खोडता येत नाही ते ठीक,
लिहिणारा दमला तर?

काल दमला.

अकराला कुठल्याशा खेळातल्या पोपटांची विक्री उघडली.
चित्रातले पोपट. दहा हजार. प्रत्येकाची चोच वेगळी.
जपानपासून जावऱ्यापर्यंत सगळे एकदम दारात.
पान उलटतं दर बारा सेकंदांनी, घाई असो नसो,
आणि पानावर मावतं तेवढंच मावतं.
ओसरीवर दीड लाख व्यवहार ताटकळत,
आणि ज्याची मूठ जड त्याला आधी आत.

पान तुडुंब गेलं की भाव चढतो, रुपयामागे दोन आणे.
पुढचंही तुडुंब, की चढलेल्या भावावर पुन्हा दोन आणे.
"दोन आणे" ऐकून बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
हे वरचं खातो कोण?
कुणीच नाही बाबा. जळतं.
बरंय, म्हणाले. गर्दी व्हावी असं कुणाला वाटायला नको.

मग मला ती ओळ दिसली.
तीनशे चाळीस रुपये, कुणाकडून कुणाला.
वर देऊ केलेले अकरा.
दाराचा भाव तेव्हा नऊशे.
त्याच खात्याची आणखी चार कामं तिच्यामागे अडलेली,
कारण पहिलं सुटल्याशिवाय दुसरं सुटत नाही.
नाव नसतं आमच्याकडे, नुसते आकडे-अक्षरं.
तरी मी त्याला एक शर्ट दिला, बाह्या दुमडलेला,
आणि एक बहीण, महूला.

दीडला खाली उतरले. थंडी अशी की बोटं वळेनात.
धन्नालालची गराडूची कढई सोनाराच्या ओट्यावर,
पाठीशी कुलूप, कुलपामागे तिजोरी.
लिंबं शिकंजीवाल्याकडून, जिरावण पलीकडच्याकडून,
त्याचा पोरगा यांच्याकडे तीनदा खाऊन गेला.
रात्रभर पैसा हलत नाही.
पत्र्याच्या डब्यावर खडूच्या रेघा,
आणि पहाटे ज्याचं त्याला एकच रक्कम.

आम्हीही ओटा बांधलाय, बाबांना फोनवर सांगितलं.
हजारो बारके व्यवहार बाहेरच उरकायचे,
मोठ्या वहीत गोषवाऱ्याची एक ओळ.
खोटी वाटली तर सात दिवस हरकत घ्यायला मोकळे.
ओट्यावर लिहितो कोण?
सध्या... एकच जण.
बाबा काही बोलले नाहीत.
मुनिमाचं न बोलणं मला लहानपणापासून कळतं.

आणि तो शर्टवाला तर ओट्यावर नव्हताच.
त्याला कुणी सांगितलंच नसेल ओटा आहे म्हणून.
तो मोठ्या दाराशी उभा, अकरा रुपये मुठीत.

तीनला पोपट संपले.
भाव उतरतानाही झपकन उतरत नाही,
दोन-दोन आण्यांनी पायऱ्या मोजत येतो.
चार वाजून सतरा मिनिटांनी एका पानाने ती ओळ घेतली,
मागोमाग तिची चार भावंडं.
पुढची पानं अर्धी कोरी.
खाली कुणीतरी ओटा धूत होतं, सोनार यायच्या आत.

घरी गेले तर बाबा जागे.
पोपटांचं काही विचारलं नाही.
ते तीनशे चाळीस, पोचले?
पोचले.
बस मग, म्हणाले. पोहे घेऊन येतो, शेव जास्त?