पासंग

हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत सांगलीच्या यार्डात
पांढरं असं काही उरत नाही.
टोपी, पावतीपुस्तक, चहाची बशी,
आणि आमचा कुत्रा, पोटापर्यंत पिवळा,
मूळचा रंग पाठीवर थोडा शिल्लक.

दांडीचा काटा होता तेव्हाची गोष्ट.
एक पारडं हटून वर बसलेलं.
दस्तगीर हमालानं पोत्यांमागचं पिल्लू उचललं
नि त्यात ठेवलं. दांडी सरळ.
सगळे हसले, पिल्लू मुतलं,
नाव पडलं पासंग.

पुढं आकडे दाखवणारा काटा आला.
दगडी वजनं भंगारात गेली, पासंग राहिला.
काट्याच्या पत्र्यावरच बसायचा, गार लागतो म्हणून.
मी तोलार. पोतं ठेवण्याआधी रोज त्याला म्हणायचं,
ऊठ.

मग तो नवा दिवाणजी आला,
नमस्कार जरा जास्तच वाकून करणारा.
पासंग त्याच्यावर गुरगुरला
तो सतरा दिवस गुरगुरतच राहिला.
अठराव्या दिवशी दिवाणजी नव्हता
आणि गल्ला नव्हता.

"त्येला कळतंय," दस्तगीर म्हणाला,
"मान्साची नियत वासावर वळखतंय बेणं."
या हळदीत आम्हाला आमचा घाम येत नाही,
आणि ह्याला नियत येते!
पण भागीदारी ठरायच्या आधी
लोक पाहुण्याला पासंगसमोरून चालवू लागले.

हळद निवडणाऱ्या अक्काताई ऐनापुरेंनी तर
होणारा जावईच फिरवून आणला,
सौदे बघायच्या निमित्तानं.
पासंग उठला. मानेवरचे केस उभे, दात बाहेर.
सोयरीक मोडली.
पोरगा म्हैसाळचा, जनावरांच्या दवाखान्यात कामाला.
हाताला औषधाचा, सुईचा वास असणार,
हे कुणालातरी पाच महिन्यांनी सुचलं.
छाया काही बोलली नाही.
पासंगला भाकरी टाकायची तेवढी बंद केली.

ज्यांच्यावर तो भुंकला नाही
त्यांची यादी मात्र कुणी केली नाही.
हमालांच्या विम्याचे हप्ते खाणारा सदाशिव बिरनाळे,
त्याच्या हातची खारी
पासंग डोळे मिटून खायचा.

आता माझं सांगतो.
माघातली रात्र, यार्ड रिकामं,
माझ्या मुठीत रुपयाएवढी लोहचुंबकाची चकती.
काट्याखाली ठराविक जागी सरकवली
की पोत्यामागं पाऊण किलो.
कारण सांगत नाही. कारणं सगळ्यांकडं असतात.

पत्र्याखाली हात घातला
आणि मागं नखांचा आवाज झाला.
मी वळलो नाही.
भुंकेल म्हणून थांबलो.
खरं सांगू, भुंकावा म्हणूनही
थोडा थांबलो.

त्यानं हात हुंगला. चकती हुंगली.
शेपूट हलवली तशी अंधारात पिवळी धूळ उडाली असणार,
मला नुसती शिंक आली.
मग त्यानं हनुवटी माझ्या बुटावर ठेवली
आणि सुस्कारा सोडला, म्हाताऱ्या माणसासारखा.

त्याला कळलंच नाही?
की कळलं, आणि अकरा वर्षांच्या माझ्या हाताच्या वासात
ते पाऊण किलो
त्यानं धरलंच नाही?

गेटवरून वॉचमनची बॅटरी फिरली.
"कोन हाय रं तिकडं?"
"कुनी न्हाई," मी म्हणालो, "पासंग."
त्यानं कान टवकारले. हाक त्यालाच होती असं समजून
माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

सकाळी पहिलं पोतं आलं, कडेगावचं.
शेतकरी आकड्याकडं न बघता माझ्याकडं बघत होता.
पासंग पत्र्यावर.
ऊठ, म्हणालो.
उठला, अंग झाडलं, दोन पावलांवर जाऊन पुन्हा बसला.

काटा शून्यावर होता.
खिशात हात घातला तर
चकती घराच्या किल्ल्यांना चिकटलेली,
लवकर सुटेना.