एकच व्यक्ती

लाइट गेली होती, माग गप्प होते,
कांड्या अर्ध्यावर थांबलेल्या.
म्हणून भानुदासचं पहिलंच वाक्य ऐकू आलं:
"आक्का, तुजी सही पायजे हुती."

दरवर्षी पिशवीतून हळद आणायचा.
या वेळी कागद होते.

पूर ओसरून महिना झालेला.
टीव्हीवर मी भिलवडीचा पूल बघितला होता,
म्हणजे नुसता कठडा.
आमच्या विट्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी,
घागरी भरता भरताच बघितला
आणि म्हटलं, अरेरे.
त्या पाण्याखाली अकरा गुंठे माझे आहेत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सात-बारा उलगडून त्यानं बोट ठेवलं.
आप्पा गेल्यावर वारस लागले, त्यात मीही लागले होते:
शेवंता दादू येसुगडे.
"मकानदार तलाठी म्हनत्यात,
समद्यांनी संमती द्या, मग पैसं एकाच खात्यावर."
हेक्टरी सतरा हजार.
माझ्या वाट्याचे अठराशे सत्तर.
आकडा त्यानं हळूच सांगितला,
आजारी माणसाचा ताप सांगावा तसा.

पण आधारवर मी सुरेखा उत्तम ढेरे.
ताटातल्या तांदळात यांनी अंगठीनं गिरवलेलं नाव.
ते तांदूळ पुढं कुणीतरी शिजवले असतील.
नाव तेवढं उरलं, रेशनला, मतदानाला, दवाखान्याला,
आणि शेवंता
एका उताऱ्यावर बसून राहिली,
हळदीच्या सावलीला.

कोर्टासमोर छत्रीखाली टाइप करणारा पोरगा म्हणाला,
मावशी, वाचून बघा, मग सही.
पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलं होतं:
वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
दोनदा वाचलं.
अठ्ठावीस वर्षांत हे कुणी लेखी मागितलं नव्हतं,
मीसुद्धा नाही.

मग भानुदासनं दुसरा कागद पुढं केला, संमतीचा.
मी घडी घालून त्यालाच परत दिला.
"ह्यावर नको. माझं पासबुक घे, झेरॉक्स काढ."
तो बराच वेळ चहाच्या कपाचा कान
इकडून तिकडं फिरवत बसला.
"पंप म्या काढला, आक्का. रातच्याला.
छातीएवढं पानी हुतं."
खरंच होतं ते.
पंपाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
पासबुक मात्र दिलं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी, घट मांडताना,
मोबाइल वाजला: १,८७०.०० जमा.
स्टॅम्पचे पाचशे आणि वकिलाचे दोनशे वजा करून
मी तिकिटाला हात घातला. अर्धं तिकीट.

शेतात विजेच्या खांबावर गाळाची रेघ,
माझ्या डोक्याच्या दोन हात वर.
कुजलेली हळद काढून त्यानं हरभरा टोकला होता,
घाटे धरायला अजून वेळ होता.
"यातले माझे कुठले?"
भानुदासनं हात लांब केला,
"हितनं... त्या बोरीपतोर. आसंल."
बांध नव्हता.
पुरानं नेला म्हणावं तर आधीही नव्हता.

चपला काढल्या, पदर खोचला,
आणि बोरीपासून पावलं मोजायला लागले.
गाळ अजून आतून गार होता.
पलीकडच्या रानातून कुणीतरी ओरडून विचारलं,
"कोन रं ती, मोजनीवाली बाई?"

"न्हाई वो," भानुदास म्हणाला,
"शेवंता हाय. आमची थोरली."

त्या सरशी माझा आकडा चुकला.
बत्तीस होता की बेचाळीस.
परत बोरीपाशी गेले.